आबांचे सहा खांब

१ डिसेंबर, सोमवार. बारामती

हवा मोजणारी पेटी अखेर बोलायला लागली. सकाळी साडेसहाचा पहिला आकडा इंदापूरजवळच्या आमच्या वस्तीवरून इथे माझ्या मोबाइलवर आला. ओलावा ९६, वारा जवळपास शून्य. ओरडणार होते, पण शेजारच्या काकू आधीच मला अर्धी वेडी समजतात.

आता खरी रड. पेटीला हवा कळते, धुकं कळत नाही. किती लांबचं दिसतंय ते मोजणारं यंत्र आमच्या कॉलेजला या जन्मी मिळायचं नाही. म्हणून माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या. रोज साडेसहाला आपापल्या जागेवर उभं राहायचं, समोर ओळीने किती खांब दिसतात ते मोजायचं, वहीत आकडा टाकायचा. आबा आमच्या फाटकापाशी, तात्या खाली उजनीच्या पाण्याकडेला, मोटारीच्या खोलीपाशी. दोन्हीकडे जुन्या लाइनचे सहा-सहा खांब आहेत. तारा कधीच काढून नेल्या, खांब तेवढे उभे.

तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. फोनवर म्हणाले, "खांब मोजून पीएचडी मिळती व्हय? मग मेंढरं मोजून मी कलेक्टर व्हायला पायजे हुतो."

४ डिसेंबर, गुरुवार

गाईड सरांपुढे मांडलं. त्यांचा नेहमीचा प्रश्न, "दाट म्हणजे किती मीटर ते आधी सांगा." डोकं भिंतीवर आपटावं. तेच तर म्हणतेय मी. दाट आणि विरळ यांच्यामध्ये बांध घातलेला नाही. एखादं धुकं ०.६ इतकं दाट असतं नि ०.४ इतकं मध्यम, दोन्ही एकदम. फझी लॉजिक याच्यासाठीच तर घ्यायचं. नाहीतर आहेच आपलं हो की नाही.

गावात कुणी मीटर सांगत नाही. आबा म्हणतात गच्च, धुरकट, इरळ. मी तेच तीन संच घेतले. नियमही बोलल्यासारखे: हवा ओली नि वारा पडलेला, तर गच्च. सरांना गावठी वाटतं, प्रबंधात शब्द बदला म्हणाले. बदलते. आकडे तेच राहणार.

७ डिसेंबर, रविवार. वस्ती

एसटी लासुर्ण्याला अर्धा तास उभी. कंडक्टर चहाला गेला तो गेलाच.

आबांच्या वहीत अक्षर आईचं. विचारलं. "ते सांगत्यात, मी लिवती. तूच म्हनलीस, त्यांच्या तोंडातनं येईल तेच लिव, आपलं काय घालू नको." बरोबर. मीच बजावलं होतं. बघणाऱ्याच्या शब्दाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा माझा कडक नियम.

आबांची व्हॅन सोळा वर्षं एक खाडा न करता चाललीय. वस्त्यावस्त्यांवरची अकरा मुलं गोळा करून इंदापूरला शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. आई आजकाल रोज पुढच्या सीटवर बसून जाते आणि येते. भाजी आणायला म्हणे. दारात वांगी लगडलीत, मेथी आहे, कोथिंबीर आहे. चिडवलं तिला, या वयात नवऱ्याला सोडवत नाही का. हसली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

तात्या २, आबा ६. काल तात्या ३, आबा ६. परवा तात्या १, आबा ५.

सर म्हणाले, दुसरा निरीक्षक, म्हणजे आबा, टाकून द्या. सरळ. कुजका आंबा काढावा तसं.

नाही टाकणार. आबा पोरवयात कळपाबरोबर सुप्याच्या माळापर्यंत जायचे, आणि या टेकडीवरून पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं कुणाची ते सांगायचे. हे मी आजीच्या, आत्याच्या, सगळ्यांच्या तोंडून ऐकत वाढले. तात्यांना तंबाखूच्या डबीपलीकडचं काही दिसत नाही. शिवाय आमची वस्ती उंचावर, पाण्यापासून लांब. तिथे धुकं विरळ असणारच. नियम ९ लिहिला: जागा उंच असेल तर एक पायरी विरळ धरावं. स्वतःवरच खूश झाले.

१५ डिसेंबर, सोमवार

नि. ९ लागू पडला. आबांचा आकडा आणि माझा आकडा आता हातात हात घालून चालतात. सरांनी मान हलवली. म्हणजे त्यांच्या हिशेबी हा सत्कारच.

दुपारी इंदापूरहून शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन. सकाळी पावणेसातला व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर निरोप टाकाल का, निघा किंवा थांबा, एवढंच. लगेच हो म्हणाले. इतकं लगेच हो मी एकाही स्थळाला म्हटलेलं नाही.

मग दिवसभर चैन नाही. निघा किंवा थांबा. मधलं काही नाही. मी आयुष्य मधल्यावर काढलंय.

१८ डिसेंबर, गुरुवार

मंगळवारी निघा. बुधवारी निघा. आज थांबा, आणि आज साडेसातलाच लख्ख ऊन. व्हॅनवाल्यांनी ग्रुपवर गॉगल घातलेल्या माकडाचं चित्र टाकलं. आबांचा फोन, "थांबा म्हनलीस म्हनून उन्हात उभं ऱ्हाऊन गाडी धुतली. सोळा वर्सांत पयल्यांदा पोरांना उशीर."

त्यांचा टोमणा नेमका लागतो. दुपारी बसून नियम सैल केले. थोडेसेच.

२२ डिसेंबर, सोमवार

६.४५ ला निघा.

७.१० ला तात्यांचा फोन. "वैशे, हितं माझा हात मला दिसंना आन तुझं मशिन निघा म्हनतंय?"

७.३० ला आई. हायवेच्या अलीकडे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही. व्हॅनचा डावा आरसा गेला, दार चेपलं. मुलं ठीक. आबा ठीक. "बिरेक लागला येळंवर," म्हणाली. आवाज अगदी सपाट. मी रडायला लागले तर म्हणाली, "तू कशाला रडती, तू हुतीस का गाडीत?"

नव्हते. पण निरोप माझा होता. मोठ्या बाईंना कळवलं, निरोप बंद, माफ करा. दोन लेक्चरं घेतली. काय शिकवलं देव जाणे. पोरांनी नेहमीसारखं उतरवून घेतलं.

२५ डिसेंबर, गुरुवार. वस्ती

आज सुटी. साडेसहाला आबांच्या शेजारी फाटकापाशी उभी राहिले. धुरकट. मला दोन खांब स्वच्छ, तिसरा असल्यासारखा. आबा शांतपणे म्हणाले, "सा." आईने वहीत ६ लिहिलं.

चष्मा पुसला. परत दोनच.

नऊला धुकं सरलं तशी चालत गेले. एक, दोन, तीन. चौथा नाही. चौथा उसाच्या सरीत आडवा पडलाय, वर गवत चढायला लागलंय. पाचवा, सहावा उभे. म्हणजे कितीही ऊन असो, फाटकातून पाचच दिसू शकतात. कुणालाही.

तात्यांना विचारलं. "खांब व्हय? धा-बारा दिस झालं. ट्रॉलीनं उडवला." आबांची वही काढली. तेरा तारखेपासून: ६, ६, ५, ६, ६, ६, ५, ६. ट्रॉलीला धडकले त्या दिवशीही ६.

वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. समोर आबा व्हॅनचं दार आतून ठोकून सरळ करत होते. ठोकताना बोटाने आधी चेपलेली जागा चाचपत होते. हे आधी का नाही दिसलं मला?

दुपारी

आई भाकऱ्या करत होती. म्हटलं, कधीपासून? कशाबद्दल ते तिने विचारलं नाही. "दिवाळीच्या आधीपासनं." मग तव्याकडे बघतच सांगितलं. ती पुढे बसते, आबांच्या गुडघ्यावर हात ठेवते. एकदा दाबला की हळू, दोनदा दाबला की थांब. शाल पांघरलेली असते म्हणून मुलांना कळत नाही.

"आणि ट्रॉलीच्या दिवशी?"

"त्या दिशी मलाच दिसली न्हाय. जवळ आल्यावर मी वरडले."

राग आला, इतका आला की परातीतलं पीठ सांडलं माझ्या हाताने. अकरा मुलं, आई. तू गप्प कशी? म्हणाली, "बोलले असते तर गाडी सुटली असती. गाडी सुटल्यावर ते काय करनार, सांग. मेंढरं गेली तवा दोन वर्सं ह्या ओट्यावर बसून हुते. तू ल्हान हुतीस. मी बघितल्यात ती दोन वर्सं."

खांब पडल्याचंही तिला माहीत होतं. तरी सहा लिहीत राहिली. मीच बजावलं होतं ना.

आणि मी काय केलं? आबांचा आकडा जमत नव्हता तर हवेला दोष दिला, जागेला दोष दिला, नवा नियम लिहिला. नि. ९ म्हणजे आबांची नजर गेलीय हे न मानण्यासाठी केलेली सोय. त्यावर मी सात-आठ व्हॅन धुक्यात सोडल्या.

२६ डिसेंबर, शुक्रवार. वस्ती

आबांना सांगितलं. सरळच. आबा, चौथा खांब पडलाय.

फाटकाकडे वळले. मग, "कंदी?"

तारीख सांगितली. बसले. म्हणाले, "मी खोटं न्हाय सांगितलं. तू इचारलंस किती दिसत्यात. मला सा दिसत्यात. आत्ता बी दिसत्यात. हितनं हायवेपतुर समदा रस्ता दिसतो मला, खड्डं नि पाटाच्या चाऱ्यांसकट."

खरंच बोलत होते. ठाऊक असलेलं सगळं त्यांना दिसतं. नवीन आलेलं दिसत नाही. पडलेला खांब नाही, उभी ट्रॉली नाही. रस्त्यावर आलेलं पोर.

आबांना दिसतं का? ०.३ दिसतं. कागदावर हे सुरेख उत्तर आहे. व्हॅन ०.३ चालवता येत नाही. वर्षभर लोकांना सांगत फिरले की हो आणि नाहीच्या मध्ये खूप जागा असते. आज ती जागा मला नको होती, आणि आबा नेमके तिथेच जाऊन बसले: "साळंला सुट्टी हाय धा दिस. मग बघू."

२९ डिसेंबर, सोमवार. बारामती

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आबा बाकावर मान खाली घालून बसलेले, मला वाटलं घाबरलेत. आत गेल्यावर पाटीवरची अक्षरं धडाधड म्हणून दाखवली, खालच्या बारीक ओळीपर्यंत. डॉक्टर चकित. मग त्यांनी पाटी उलटी केली, दुसरी बाजू, आणि आबा गप्प. बाहेर बसून आधीच्या चार पेशंटांचं ऐकून पाठ केलं होतं. माझे आबा. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं, तिथेच, डॉक्टरांच्या पुढ्यात.

उजव्या डोळ्यात काचबिंदू. कडेचं सगळं गेलंय, गेलेलं येत नाही. डाव्यात मोतीबिंदू, ऑपरेशन होईल, संक्रांतीनंतर. गाडी? "तोपर्यंत बिलकूल नाही. नंतर बघू."

एसटी स्टँडवर आबा म्हणाले, "नंतर बगू म्हनला न्हवं?" बाकीचं ऐकूच आलं नाही त्यांना.

१ जानेवारी, गुरुवार

सरांना सगळं खरं सांगितलं. ऐकून घेतलं, पाणी दिलं, मग म्हणाले, "अडचण काय? दुसरा निरीक्षक काढा, नियम नऊ काढा. जमेल." जमलं. दहा मिनिटांत. तात्यांच्या खांबांवर गणित छान बसतं. तंबाखूची डबी जिंकली.

आबांचा रकाना निवडला नि खोडला. त्यानंतर काही करवेना. पुढच्या आठवड्याची रजा टाकली. सर कुरकुरले, बारा तारखेला, सोमवारी, सादरीकरण आहे, विसरू नका.

५ जानेवारी, सोमवार. वस्ती

शाळा सुरू. व्हॅन मी चालवली. आबा शेजारी, आई घरी. निघताना तिने शाल माझ्या अंगावर टाकली.

गच्च धुकं. तात्या १. पहिल्या वळणालाच माझी बोबडी वळली. आबा पुढे बघत, अगदी सहज, "आता डावं घे, चारी हाय. सरळ. म्होरं खड्डा, हळू." मला काही दिसत नव्हतं आणि प्रत्येक वेळी चारी होती, खड्डा होता. कॅनॉलच्या पुलाआधी एक मोटरसायकल आडवी उभी होती. ती त्यांना माहीत नव्हती. मी ब्रेक मारला. ते पुढे आदळले, डॅशबोर्डला हात टेकला.

परत येताना मनात आलं, हे असं चालेल की. ते सांगतील, मी बघीन. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर. मग लक्षात आलं, आईनेही दिवाळीत असंच म्हटलं असणार स्वतःशी.

मुलांच्या घरी अजून कुणाला माहीत नाही. मी सांगते म्हटलं तर आबा म्हणाले, "न्हाय. माझ्या तोंडानं सांगनार. तू मधी बोलायचं न्हाय." कबूल केलं. एवढा मान त्यांचा आहेच.

७ जानेवारी, बुधवार. वस्ती

चार वाजता आबा धुतलेला सदरा घालून बाहेर पडले. सगळ्या वस्त्या पायी. दिवे लागायच्या आत आले. "सांगितलं." पाणी पिऊन झोपले, न जेवता. मला हलकं वाटलं. वाईटही वाटलं. हलकंच जास्त.

८ जानेवारी, गुरुवार. वस्ती

सांगितलेलं नाही.

तिसऱ्या घरापाशी धाकट्या मुलीची आई दप्तर देताना म्हणाली, "आबा, पाय बरा झाला का? ताई लई हळू चालवत्यात, आमची साळंत उशिरा पोचती." पाय. चालत जाऊन सगळ्यांना पाय सांगितलाय. मुरगळला म्हणे. "तुमी कवा बसताय परत गाडीवर? तुमी हाय म्हनून तर असल्या धुक्यात पोरगी धाडतो आमी. दुसऱ्या कुनाच्या गाडीत घातली नसती."

आबांनी मुलीला वर उचलून घेतलं, दार लावलं. मी आरशात बघत होते. त्यांनी बघितलं नाही.

घरी येऊन भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. आबांना अरे-तुरे करायचं तेवढं राहिलं. म्हटलं, सोमवारी मी बारामतीत असेन, सोमवारी गाडीवर कोण बसणार? म्हणाले, "ऊन पडल्यावर काडीन की गाडी." आई चुलीपुढून उठली नाही. तिच्याकडे बघितलं तर तिने शाल घडी करून खुंटीवर ठेवलेली होती, हाताशी.

उद्या शेवटची मुदत दिली. उद्या तुम्ही, नाहीतर मी.

९ जानेवारी, शुक्रवार. व्हॅनमध्ये, सकाळचे साडेआठ

मुलं सोडली. धुकं अजून धुरकट. येताना आबांनी खड्डासुद्धा सांगितला नाही. दोन खड्ड्यांतून गाडी गेली.

तिसऱ्या घरापाशी म्हणाले, "थांब. हितनं सुरू करतो." थांबले. आबांनी सवयीने किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली, उतरले, फाटकाला हात लावून क्षणभर उभे राहिले आणि आत गेले. पायरी न चुकता.  अभिमान वाटला, उगाच कशाला नाही म्हणू.

त्याला वीस मिनिटं झाली. मुलीची आई एकदा बाहेर आली, गोठ्यातनं दूध घेऊन आत गेली. चहा ठेवला असणार. मला हाक मारली, मी मान हलवली, नको म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रोजचाच चेहरा.

आतून आबांचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत. मधेच घरातले सगळे हसले. कळपाची जुनी गोष्ट चाललीय बहुतेक, ती सांगताना ते असेच थांबून थांबून बोलतात.

म्हणजे अजून नाही.

पाच मिनिटं देते. मग मी उतरणार. काय म्हणायचं ते जुळवतेय: वहिनी, सोमवारी पोरीला या गाडीत... नाही, असं नाही. आधी आबांचं नाव यायला हवं. आबांना...

पुन्हा हसले.

पाच झाली.